पडद्याबाहेरची चप्पल

माझ्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस शोकेसकडे बोट दाखवून हमखास विचारतो, "ही बस आहे का?" बस म्हणे! चार महिने डोळे फोडून केलेली, हातभर लांब, पडदे असलेली मालगाडीची व्हॅन, आणि लोकांना बस दिसते. पूर्वी मी समजावून सांगायचो. आता नुसतं "हो" म्हणतो आणि चहाचं विचारतो. कारण समजावायला लागलो की माणूस उठून जवळ जातो, आणि जवळ गेला की त्याला गाडीशेजारच्या छोट्या धक्क्यावर सुकलेल्या गोंदाचे दोन ठिपके दिसतात. तिथे आधी काय होतं हे कुणी विचारू नये असं मला वाटतं. त्यापेक्षा बस बरी.

प्रवासी डबे म्हातारे झाले की त्यांना लगेच भंगारात काढत नाहीत. बाकडी उपटतात, खिडक्या पत्र्याने बुजवतात आणि उरलेलं आयुष्य माल वाहायला लावतात. आमच्याकडे यायचे त्या डब्यांत आणखी एक सुधारणा होती. दोन्ही बाजूंचा पत्रा मधोमध कापून काढलेला आणि तिथे वरपासून खालपर्यंत जाड ताडपत्रीचा पडदा. पडदा सारला की अख्खी बाजू मोकळी, फोर्कलिफ्ट माल थेट आत ठेवते. भरून झालं की पडदा ओढायचा, खालचे पट्टे बकलांत अडकवायचे आणि दांडीने ताणायचे. बकलं सगळी बाहेरून. आतून एकही नाही, कारण बंपरांना बाहेर यायची गरज पडत नाही असा कुणीतरी विचार केला असावा.

हो, बंपर. चाकणहून ट्रकने रंगवलेले बंपर आमच्या मालधक्क्यावर यायचे, लोखंडी पिंजऱ्यांत उभे रचलेले. तिथून ते पडद्याच्या गाड्यांत चढून कुठे कुठे दूर जायचे. मी चेकर. कागद घेऊन आत शिरायचं, पिंजरे मोजायचे, नंबर टिपायचे, सही करायची. चौदा वर्षं मी हेच केलं. सुपरवायझर होणार, होणार म्हणत दोन सुपरवायझर माझ्यासमोर रिटायर झाले. हजारो बंपर देशभर फिरून आले आणि मी सकाळी थेरगावहून निघून संध्याकाळी थेरगावलाच परत. डांगे चौकातल्या गर्दीत गाडी बंद करून उभा राहिलो की छातीवर कुणी हात दाबून धरल्यासारखं वाटायचं. बायकोला एकदा म्हटलं, "मला कोंडल्यासारखं होतं गं." ती म्हणाली, "दीड खोलीत चौघं राहतो, मला काय मैदानात असल्यासारखं होतं?" तिचंही बरोबर होतं.

मग मी व्हॅन बनवायला घेतली. का, ते नीट सांगता येणार नाही. दिवसभर जिच्यात शिरायचं-निघायचं तीच घरी आणून टेबलावर ठेवायची, हे वेडच. पण त्या हातभर जागेत कुठे काय लागेल हे मी ठरवत होतो, एवढं खरं. लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचं अंग, आइस्क्रीमच्या काड्यांची चौकट, बायकोच्या ब्लाउजचे हूक म्हणजे बकलं. त्या हुकांवरून घरात आठवडाभर अबोला होता. पडदा मात्र जमेना. शेवटी चौकातून उतरवलेल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सचा तुकडा आणला. आतल्या बाजूने बघाल तर अजून कुणा भाऊंची अर्धी मिशी दिसते.

तो पडदा मला शिवून दिला मास्टरनी.

मास्टर आमच्या धक्क्यावर ताडपत्रीचं काम करायचे. पडदा फाटला तर ठिगळ लावायचं, पट्टा तुटला तर नवा घालायचा, आणि गाडी भरली की पडदे ओढून बकलं ताणायची. मुसलमान घरातले, वडिलांपासून शिवणकाम, म्हणून सगळे मास्टर म्हणायचे. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मला भावा म्हणायचे आणि माझा डबा हक्काने उघडायचे. फ्लेक्सचा तुकडा हातात घेऊन म्हणाले, "हा पडदा आहे की टेबलपुसणं? दे इकडे." जेवणाच्या सुट्टीत बसून, चष्मा कपाळावर चढवून, त्यांनी वीस पट्टे बारीक टाक्यांनी शिवले. खऱ्या पडद्याला घालायचे तीच शिलाई. "भावा, गाडी छोटी असली म्हणून टाका खोटा घालायचा का?" हे त्यांचं वाक्य. तेव्हा मला ते फार आवडलं होतं.

आता चपलेचं सांगतो, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

रंगवलेल्या बंपरला वाळूचा कण लागला तरी ओरखडा जातो. त्यामुळे गाडीत शिरताना प्रत्येकाने चप्पल बाहेर धक्क्यावर, पडद्याच्या कोपऱ्याशी काढायची, हा आमचा रिवाज. कागदोपत्री आम्ही सगळे सेफ्टी बूट घालायचो. ते बूट कपाटात होते, साहेब येणार असले की निघायचे. पण चपलेच्या रिवाजातून एक फायदा आपोआप झाला होता. बाहेर चप्पल दिसली म्हणजे आत माणूस आहे. पडदा ओढायचा नाही. हाका मारायची गरजच नाही. इतक्या वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती.

आणि ह्या चांगल्या रिवाजाची माती केली ती मी.

झालं असं, की दुपारच्या चहाला सुपरवायझर सोडायचा नाही. सुपरवायझर मावळातल्या जुन्या गावचा, माणूस वाईट नव्हता, पण चहा म्हटलं की त्याच्या पोटात दुखायचं. "आत्ता तर च्या झाला. आनि किती येळा पिनार?" मग मी घरून एक जुनी चप्पल आणली, निळ्या पट्ट्यांची. ती गाडीच्या कोपऱ्याशी ठेवून द्यायची आणि पायातली घालून मागच्या फाटकाने टपरीवर पसार व्हायचं. सुपरवायझरने बघितलं तर चप्पल आहे, म्हणजे चेकर आत मोजतोय. मास्टरना हे ठाऊक होतं. ते हसायचे, आणि कुणी विचारलं तर माझ्या वतीने खोटं बोलायचे, "आहे की आत, मोजतोय बिचारा." पडदा ओढायची वेळ झाली की निळी चप्पल पायाने बाजूला सारून काम करायचे. निळी चप्पल म्हणजे आत कुणी नाही, हे आमच्या दोघांत ठरून गेलं होतं.

त्या दिवशी सकाळी माझ्या चांगल्या चपलेचा अंगठा तुटला. पर्याय नव्हता, निळीच घालून दिवसभर वावरलो. मास्टरना सांगावं हे डोक्यातच आलं नाही. चपलेचं काय सांगायचं असतं माणसाला?

मे महिना. दुपारी साडेबाराला गाडी भरून झाली, मोजणी झाली, सहीसुद्धा झाली. मला आत जायचं काही काम नव्हतं. पण ह्या व्हॅनच्या टोकाशी जुन्या डब्यातल्या संडासाचा कोपरा तसाच राहिला होता. भिंतीवर आरशाच्या स्क्रूची चार भोकं आणि त्याखाली अर्धवट पुसलेली सूचना, गाडी स्थानकात उभी असताना शौचालयाचा वापर करू नये. ती अक्षरं मला मॉडेलमध्ये हवी होती. निळी चप्पल कोपऱ्याशी काढली, पिंजरे आणि पडदा यांच्यामधल्या फटीतून आडवा होऊन शिरलो, आणि कोपऱ्यात उकिडवा बसून वहीत अक्षरं उतरवायला लागलो.

अंधार झाला तेव्हा वाटलं ढग आले. मग बकलांचा आवाज ऐकला. एक, दोन, तीन, टकाटक. मास्टरांचा हात फार भरभर चालायचा. मी ओरडलो, "मास्टर! ओ मास्टर!" आणि नेमकी त्याच वेळी शेजारच्या रुळावरून एक गाडी धडधडत गेली. ती पुरती जाईपर्यंत आमच्या गाडीला इंजिनाचा धक्का बसला आणि आम्ही निघालो.

फार लांब नेली नाही. स्टेशनापलीकडच्या एका कडेच्या रुळावर नेऊन उभी केली आणि विसरून गेले. मी पडद्यावर लाथा मारल्या, खांदा लावला. ताणलेला पडदा हलेना, त्यात तारा विणलेल्या. ह्या पडद्याचा पट्टा मास्टरांनी गेल्याच आठवड्यात नवा घातला होता, मीच शेजारी बसून बघितलं होतं. फोन गेटवर जमा. वर पत्रा तापत होता. रंगाचा वास डोक्यात चढायला लागला. पहिला तास मी शिव्या दिल्या, मास्टरना, सुपरवायझरला, ज्याने आतून बकल ठेवलं नाही त्याला. दुसऱ्या तासाला घसा कोरडा पडला आणि मी त्या सूचनेखाली जाऊन बसलो. गाडी उभी होती, आणि मला लघवीला लागली होती. हसू आलं हो! एकटाच खॅ खॅ करून हसलो आणि मग रडलो. मरणार असं स्पष्ट वाटलं. मुलीचं तोंड डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला, तर निळी चप्पलच दिसत राहिली.

पाचच्या सुमारास खालून टण् टण् आवाज आला. चाकं ठोकून तपासणारा माणूस हातोडी घेऊन चालत होता. ओरडायला आवाज नव्हता. खिशातली किल्ली काढून मी तळाच्या पत्र्यावर ठोकलं. त्याने एक ठोका मारला, मी एक मारला. तो थांबला. परत एक मारला, मी परत एक. मग बाहेरून आवाज आला, "आयला, कोण आहे रे आत?"

दवाखान्यात दोन दिवस सलाइन. पहिल्या दिवशी भेटायला आले ते मास्टर. दारातच उभे राहिले. डोळे सुजलेले. "भावा, निळी होती," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "हो मास्टर. दुसरी तुटली होती." त्यांनी माझ्या पायाला हात लावला, पाय थंड आहेत का बघावं तसा, आणि निघून गेले.

चौकशी लागली. माल ज्यांचा त्या मोठ्या कंपनीने ठेकेदाराला विचारलं, ठेकेदाराने सुपरवायझरला, सुपरवायझरने मला गाठलं. "हे बघ, चपलेचं नाव काढायचं न्हाई. कागदावर आपुन समदी बूट घालतो. चप्पल म्हनलं की पयला मी जातो, मग तू. आनि तू तुझी ती निळी थेरं सांगशील, तर कायमचा घरी बसशील. समजलं का?" म्हणजे त्यालाही माहीत होतं! इतकी वर्षं मला वाटत होतं मी त्याला फसवतोय. मी विचारलं, "आणि मास्टर?" तो म्हणाला, "कुनाचं तरी नाव लागनारच की."

व्हॅन तर पुढे निघून गेली होती. चौकशीला येणाऱ्या साहेबांना पडदा कसा बंद होतो ते बघायचं होतं. सुपरवायझरने माझं मॉडेल आठवलं आणि सांगितलं, घेऊन ये. मॉडेल पुरं झालं होतं. रजेच्या दिवसांत मी धक्का जोडला होता, आणि धक्क्यावर, पडद्याच्या कोपऱ्याशी, दाण्याएवढ्या दोन चपला. खऱ्या निळ्या चपलेच्या टाचेचा रबर कापून केलेल्या, वायरच्या निळ्या वेष्टनाचे पट्टे. त्या लावल्या तेव्हा काही डाव मनात नव्हता. तिथे चप्पल होती, म्हणून लावली. मॉडेल करायचं तर जे आहे ते दाखवायचं, एवढीच मला कला येते.

चौकशीच्या दिवशी सकाळी, आंघोळ करून, कपडे घालून, मी ब्लेड घेतलं आणि दोन्ही चपला खरवडून काढल्या. बायकोने विचारलं, "काय झालं, वाकडी लागली का?" मी म्हटलं, "हो."

ऑफिसात टेबलाच्या एका बाजूला साहेब, दुसऱ्या बाजूला मास्टर आणि मी. मध्ये मॉडेल. साहेब खूश झाले, "वा, तुम्ही केलंय हे? बकलं पण आहेत!" चष्मा लावून त्यांनी हूक उघडून-मिटून बघितले. मग मास्टरना विचारलं, "पडदा ओढण्याआधी तुम्ही बघितलं होतं का?"

"बघितलं होतं, साहेब."

"काय बघितलं?"

मास्टर मॉडेलकडे बघत होते. पुष्कळ वेळ बघत होते. मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काही नाही."

साहेब माझ्याकडे वळले. "तुम्ही आत आहात याची बाहेर काही खूण असते का?"

माझ्या जिभेवर होतं. चपला शर्टाच्या खिशात काडेपेटीत होत्या, कारण फेकवल्या नव्हत्या. हात खिशाकडे गेलासुद्धा. मुलीची दहावी, दीड खोली, चौदा वर्षं, सगळं एकदम आठवलं आणि हात खाली आला. खरं सांगतो, व्हॅनमध्ये मी इतका अडकलो नव्हतो. तिथे निदान पडदा दुसऱ्याने ओढला होता.

"नाही साहेब," मी म्हणालो.

मास्टरना काढलं. निष्काळजीपणा, असं कागदावर लिहिलं. सगळ्या गाड्यांना आतून उघडायची दोरी लागली, धक्क्यावर बूट सक्तीचे झाले, आणि त्याच वर्षी मी सुपरवायझर झालो. घ्या! ज्याच्यासाठी चौदा वर्षं कुढलो ते मिळालं आणि एक दिवस गोड लागलं नाही. मास्टर रस्त्याकडेला मशीन टाकून रिक्षांचे हूड शिवायला लागले. मला ते ठिकाण माहीत होतं. दोन वर्षं मी लांबच्या रस्त्याने जात राहिलो. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

गेल्या महिन्यात रविवारी सकाळी बेल वाजली. दारात मास्टर. दाढी पुरी पांढरी झालेली, हातात पिशवी. मी बाजूला सरलो. म्हणालो, "अहो, दार उघडंच होतं. सरळ आत यायचं की."

"मुलीचं लग्न आहे," ते म्हणाले आणि पिशवीतून पत्रिका काढून बायकोच्या हातात दिली. "वहिनी, तुम्ही सगळ्यांनी यायचं बरं का." ती पत्रिका टेबलावर ठेवून चहा करायला आत गेली. मास्टर पत्रिकेचा कागद बोटांत चोळून हसले, "जाड कागद घेतलाय, भावा. तुझ्या कामाला येईल." मग ते शोकेसकडे गेले. त्यांनी बस आहे का असं विचारलं नाही. काच सरकवली, मॉडेल दोन्ही हातांनी बाहेर काढलं, पडद्याचे पट्टे अंगठ्याने चाचपले. "धरलंय अजून," स्वतःशीच म्हणाले. मग बोट धक्क्यावर आलं आणि त्या दोन ठिपक्यांवर थांबलं.

"इथली पडली वाटतं."

हो म्हणालो असतो तर संपलं असतं. चहा आला असता, लग्नाच्या गोष्टी निघाल्या असत्या.

"पडली नाही मास्टर," मी म्हणालो. "मी काढली. त्या दिवशी सकाळी."

"माहितीय," ते म्हणाले. "गाडी टेबलावर ठेवलीस तेव्हा मी पहिलं तेच बघितलं. ब्लेडचे ओरखडे ताजेच होते तुझे."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? निळी चप्पल म्हणजे आत कुणी नाही, हे तुम्ही सांगितलं असतंत तर..."

"चप्पल तुझी होती ना भावा. मी म्हटलं, तोच बोलेल."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. तोच असता तर बरं झालं असतं, मी पायावर पडलो असतो, भांडलो असतो, काहीतरी केलं असतं. मी कपाटातून काडेपेटी आणली आणि त्यांच्यासमोर उघडली. दोन वर्षं मी त्या चपला परत लावायला बघत होतो आणि हात होत नव्हता. म्हणालो, "तुम्ही लावा मास्टर. तुमच्या हाताने लावा."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, दोन्ही चपला तळहातावर घेऊन उजेडात बघितल्या. पट्ट्याचा निळा रंग बघितला. "हुबेहूब," म्हणाले. मग शर्टाच्या खिशात टाकल्या आणि खिशाचं बटण लावलं.

"ह्या माझ्याकडे राहू दे."

चहा त्यांनी पुरा प्यायला. साखर बरोबर आहे असंही म्हणाले. निघताना उंबऱ्याबाहेर आमच्या घरातल्या पाचसहा जोड्यांमधून स्वतःची शोधून पायात सरकवली, आणि माझ्या जोडीकडे बघून म्हणाले, "मघाशी विचारलंस ना, सरळ आत का नाही आलो? तुझी चप्पल दिसली होती बाहेर. पण आता चपलेवरून मी धरून चालत नाही. बेल वाजवतो."

ते जिना उतरले. बायकोने आतून विचारलं, "गेले का?" मी हो म्हणालो, आणि मॉडेल परत शोकेसमध्ये ठेवून काच लावली.